गरोदर बाई, तान्हे मूल आणि बोअरचे पाणी
(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमात झालेले भाषण)



या कार्यक्रमात आपण बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी नेहमी ऐकता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तो शेतीबाहेरचा आहे असेही म्हणता येणार नाही, कारण तो पाण्याचा आहे आणि हे पाणी आपल्याच जमिनीतले आहे. यवतमाळ जिल्ह्यातून एका श्रोत्याचे पत्र आले आहे. ते लिहितात, "माझ्या नातवाचे दुधाचे दात पडून नवे दात आले, ते पिवळट-तांबूस, आडव्या पट्ट्यांचे आले. घरची म्हातारी माणसं म्हणतात, सुनेनं गरोदरपणी माती खाल्ली, राख खाल्ली, त्याचा हा परिणाम. सूनबाई आता पुन्हा गरोदर आहे, पाचवा महिना लागला. कोणी सांगतात, पाण्यातल्या फ्लोराईडनं असं होतं. आणि पेस्टच्या नळीवर तर लिहिलेलं असतं की फ्लोराईडनं दात मजबूत होतात. मग गरोदर बाईनं फ्लोराईड घ्यावं की टाळावं, ते सांगा."

प्रश्न चांगला विचारला आहे. मी उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण मागे कोणी रेडिओ बंद केला तर निदान एवढे तरी कानावर पडलेले असावे. सूनबाईचा यात दोष नाही. नातवाच्या कायमच्या दातांवरचे डाग तो पोटात असताना पडलेले नाहीत. ते जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत पडले आहेत. गरोदर बाईने फ्लोराईड मुद्दाम घेण्याचे काही कारण नाही, आणि पाण्यात ते जास्त असेल तर टाळलेच पाहिजे. येणाऱ्या बाळाच्या दातांसाठी वेळ अजून हातात आहे. आता हे असे का, ते पाहू.

फ्लोराईड हा काही कारखान्यातून आलेला नवा पदार्थ नव्हे. काही खडकांत तो मुळातच असतो. पाणी त्या खडकात वर्षानुवर्षे मुरून राहिले की खडकातले फ्लोराईड थोडेथोडे पाण्यात उतरते. आपला बराचसा महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसलेला आहे, त्यात फ्लोराईड कमी. पण विदर्भाच्या पूर्वेला आणि नांदेडच्या काही भागात काळा पाषाण संपतो किंवा पातळ होतो, खाली जुने खडक लागतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत त्यामुळे पाण्यात फ्लोराईड जास्त सापडले आहे. पूर्वी आपण उघड्या विहिरीचे, झऱ्याचे, नदीचे पाणी पीत होतो. ते पावसाचे, वरच्या थरातले पाणी. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, गावोगाव यंत्रे आली आणि विंधन विहिरी झाल्या. त्या हातपंपांनी माणसे जगवली, हे विसरून चालणार नाही. पटकी-हगवणही त्यांच्यामुळे कमी झाली. परंतु काही ठिकाणी आपण त्या खोल, जुन्या खडकातल्या पाण्याला हात घातला, आणि ते पाणी काय घेऊन वर येते याची तपासणी त्या वेळी फारशी होत नसे.

हे पाणी ओळखू कसे यावे? ओळखू येत नाही, हीच तर अडचण आहे. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उलट असे पुष्कळदा दिसते की जे पाणी प्यायला गोड लागते, ज्यात साबणाला फेस चांगला येतो आणि डाळ लवकर शिजते, त्यातच ते जास्त निघते. त्याचे असे आहे, की पाण्यात चुना म्हणजे कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराईड त्याच्याशी बांधले जाऊन खाली बसते. कॅल्शियम कमी असलेल्या मऊ, खारवट पाण्यात ते मोकळे राहते. तेव्हा "आमचं पाणी कसं अमृतासारखं गोड आहे" एवढ्यावर विसंबू नये, बरं का.

आपल्या देशात हा रोग आधी कोणाच्या ध्यानात आला, ठाऊक आहे? शेतकऱ्यांच्या. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या वेळच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातले शेतकरी सांगू लागले की नांगराचे बैल सांधे आखडून चालेनासे झाले आहेत. पुढे १९३७ मध्ये शॉर्ट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भागातल्या माणसांची तपासणी करून हाच विकार माणसांतही असल्याचे प्रसिद्ध केले. पाठीचा कणा ताठ, मान वळत नाही, खाली बसता येत नाही, आणि कारण पाण्यातले फ्लोराईड. म्हणजे बैलाने आधी सांगितले, डॉक्टरांनी नंतर. आपणही बाजारात बैल घेताना दात पाहताच. दोनदाती, चारदाती जनावराच्या खालच्या दातांवर तांबूस पट्टे, खडबडीतपणा दिसत असेल आणि ते वासरू आपल्याच गोठ्यात, आपल्याच बोअरवर वाढलेले असेल, तर घरातल्या मुलांकडे एकदा पाहून घ्यावे.

आता दातांकडे येऊ. दात हाडासारखा नसतो. हाड मोडले तर सांधते, जन्मभर झिजते आणि भरते. दातावरचे जे चकचकीत कवच असते ते मात्र एकदाच तयार होते, तेही दात हिरडीत लपलेला असताना. एकदा तयार झाले की त्यात बदल नाही. संत्र्याच्या बागेतले उदाहरण घ्या. फळ लिंबाएवढे असताना वाऱ्याने फांदीचा घासा लागला, तर त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. फळ मोठे होते, पिवळे होते, आणि मग त्याच्यावर करडा व्रण दिसतो. व्यापारी म्हणतो, माल डागी आहे. डाग तोडणीच्या वेळी दिसला, पण लागला कधी? दातांचेही तसेच आहे.

माणसाला दोन वेळा दात येतात. दुधाच्या दातांचे कवच आई गरोदर असताना, साधारण चौथ्या महिन्यापासून धरू लागते. मूल जन्मते तेव्हा पुढच्या दुधाच्या दातांचा बराचसा भाग हिरडीत तयार असतो. कायमच्या दातांचे मात्र वेगळे आहे. कायमच्या पहिल्या दाढेची सुरुवात जन्माच्या सुमारास होते. वरचे पुढचे दोन दात, जे हसताना सर्वांत आधी दिसतात, त्यांचे काम बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर सुरू होते आणि चार-पाच वर्षांपर्यंत चालते. अक्कलदाढ सोडली तर बाकीच्या सगळ्या दातांचे कवच आठव्या वर्षापर्यंत पुरे होते. या काळात मुलाच्या पोटात फ्लोराईड जास्त गेले तर कवच घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडते, कवच सच्छिद्र राहते, खडूसारखे पांढरट दिसते. दात वर आला की त्या छिद्रांत रंग धरतो आणि पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी होतो. फारच जास्त असेल तर दाताला खळगे पडतात, टवके उडतात. हे सारे दिसते मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर. बी पेरले कधी आणि उगवले कधी! या मधल्या वर्षांत आपण सर्वजण भलत्याच ठिकाणी कारण शोधत बसतो, आणि शेवटी ते आईच्या पदरात टाकतो.

हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक मॅके नावाचे दातांचे डॉक्टर १९०१ मध्ये दवाखाना टाकायला गेले, तो गावात जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या दातांवर तपकिरी डाग. त्यांनी वर्षानुवर्षे पाहणी केली. त्यांना आढळले की जे तिथे जन्मले किंवा तान्हेपणी तिथे आले त्यांनाच डाग आहेत; जे मोठेपणी येऊन राहिले, तेच पाणी प्यायले, त्यांचे दात स्वच्छ. पुढे १९२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या ओकली या गावच्या आईबापांनी त्यांना बोलावले. त्या गावाने पाच मैलांवरच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून नळ आणला होता आणि तेव्हापासून मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले होते. मॅके यांना पाण्यात काय दोष आहे ते त्या वेळी सापडले नाही. तरी त्यांनी सांगितले, हा नळ सोडा, दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. गावाने ऐकले. काही वर्षांत धाकट्या मुलांना कायमचे दात आले ते स्वच्छ आले. पाण्यातला दोष म्हणजे फ्लोराईड, हे कळायला १९३१ साल उजाडावे लागले. मला त्या गावकऱ्यांचे कौतुक वाटते. कारण कळण्याची वाट न पाहता त्यांनी पाणी बदलले, आणि पोरे वाचली.

मग गरोदरपणाचा संबंधच नाही का? आहे. फ्लोराईड नाळेतून बाळापर्यंत पोचते. ज्या गावांत पाण्यात फारच जास्त आहे तिथे दुधाच्या दातांवरही डाग दिसतात, विशेषतः मागच्या दाढांवर. पण दुधाचे दात पडून जातात, त्यांचे एवढे काही नाही. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची.

पहिली गोष्ट रक्ताची. आपल्याकडच्या बायकांत पांडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे, किती आहे ते सांगायला नको. लोहाच्या गोळ्या देऊनही काहींचे रक्त वाढत नाही. फ्लोराईड आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा करते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे या विषयावर अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. ए. के. सुशीला यांचे म्हणणे आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत अशा गरोदर स्त्रिया निवडल्या, ज्यांचे रक्त कमी होते आणि लघवीत फ्लोराईड जास्त होते. त्यांचे फ्लोराईड कमी केले, आहार सुधारला. त्यांचे रक्त वाढले आणि बाळांची वजनेही सुधारली. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आता पत्रातल्या माती खाण्याबद्दल. मातीने दातांवर पट्टे पडत नाहीत. पण गरोदर बाईला माती, राख, खापरी खावीशी वाटणे हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते. तेव्हा सूनबाईला रागावण्याऐवजी तिचे रक्त तपासून घ्या. ते जास्त उपयोगाचे होईल.

दुसरी गोष्ट बाळाच्या बुद्धीची. मेक्सिको आणि कॅनडात गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्या पाहण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०१७ आणि २०१९ मध्ये आले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असेल तिथे मुलांची बुद्धिमत्ता काहीशी कमी आढळते, आणि या निष्कर्षावर आपला मध्यम विश्वास आहे. त्याहून कमी प्रमाणाबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, त्या वादात आपण शिरायला नको. आपल्याकडच्या काही बोअरचे पाणी त्या दीडच्या कितीतरी वर आहे, आपल्याला तेवढे पुरे.

आता पेस्टच्या नळीवरचे काय? तेही खोटे नाही. फ्लोराईड दाताला बाहेरून, थोडे लागले तर कीड कमी होते. पोटात जास्त गेले तर नुकसान होते. मीठच पाहा ना, भाजीत चिमूटभर आणि शेतात पोतेभर, दोन्ही सारखे कसे? एके काळी अमेरिकेत असे वाटले की आईला फ्लोराईडच्या गोळ्या दिल्या तर बाळाचे दात पोटातच कणखर होतील. पुष्कळ बायकांना तशा गोळ्या दिल्या गेल्या. १९६६ मध्ये तिथल्या औषध खात्याने कंपन्यांना तसा दावा करण्यास बंदी केली, कारण पुरावा नव्हता. नंतर मेन राज्यात गरोदर स्त्रियांचे दोन गट करून, एकाला गोळ्या आणि एकाला नुसत्याच दिखाऊ गोळ्या देऊन, मुलांचे दात पाच वर्षांपर्यंत पाहिले. १९९७ मध्ये निकाल आला, की दोन्ही गटांतल्या मुलांच्या किडीत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणून कोणी शहाणा माणूस गरोदरपणी फ्लोराईडची गोळी किंवा टॉनिक घ्यायला सांगत असेल तर घेऊ नये. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या, त्या मात्र जरूर घ्याव्यात. दोन्ही एकाच वेळी गिळू नयेत, मध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

आता बाळ जन्मल्यानंतरचे. इथेच खरी बाजी जिंकता येते, म्हणून जरा सावकाश ऐका. निसर्गाची करणी अशी, की आईने फ्लोराईडचे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात ते फारच थोडे उतरते. पाण्यात जेवढे असेल त्याचा साधारण शंभरावा भाग धरा. उलट वरचे दूध देणाऱ्या घरात काय होते? समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराईड आहे. डब्यातली भुकटी त्या पाण्यात कालवून बाळाला दिवसाला ७०० मिलिलिटर पाजले, तर त्याच्या पोटात दोन मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड गेले. पाच किलोचे बाळ, आणि मोठ्या माणसाने दोन तांबे पाणी प्यावे तेवढा मारा! तेच बाळ अंगावर पीत असेल तर त्याला त्याचा शंभरावा हिस्साही मिळत नाही. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचे दूध. पाणी नाही, ग्लुकोज नाही, घुटी नाही. उन्हाळ्यात बाळाला तहान लागेल म्हणून आजी चमच्याने पाणी पाजते. तिची माया समजते, पण दुधात पाणी पुरेसे असते. गाई-म्हशीचे दूध पाजणे भागच पडले आणि त्यात पाणी घालायचे झाले, तर ते चांगल्या पाण्याचे घालावे.

सहा महिन्यांनंतर पेज, खिमट, वरणाचे पाणी सुरू होते. हे सगळे पाण्यात शिजते. शिजताना पाणी आटते, फ्लोराईड मात्र भांड्यातच राहते. म्हणून नुसते पिण्याचे पाणी बदलून भागत नाही, बाळाचे अन्नही त्याच चांगल्या पाण्यात शिजवले पाहिजे. उकळून पाणी सुरक्षित होते ही समजूत जंतूंपुरती खरी आहे. फ्लोराईड उकळून जात नाही, उलट पाणी आटले की दाट होते. कापडाने गाळून, मातीच्या किंवा मेणबत्तीच्या गाळणीतून काढून, घागरीत तुरटी फिरवूनही ते पुरेसे जात नाही.

तर मग चांगले पाणी आणायचे कुठून? आधी तपासणी. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे, दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवायचे ठरले. आपल्या गावात त्या कोण आहेत, पेटी कुठे ठेवली आहे, हे ग्रामसभेत विचारा. कपाटात कुलूपबंद पेटी दात वाचवत नाही. त्या पेटीतल्या औषधाचा गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकू लागला की फ्लोराईड जास्त आहे असे समजायचे. पक्के प्रमाण हवे तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जाऊ द्यावा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ते काम करतो. नमुना घेताना हातपंप पाच-दहा मिनिटे चालवून मगच घ्यावा. बाटली काचेची नको, प्लॅस्टिकची असावी, औषधाची किंवा फवारणीची तर मुळीच नसावी. त्याच पाण्याने ती तीनदा विसळावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासावे, कारण उन्हाळ्यात पाणी खोल गेले की आकडा बहुधा चढतो. आणि एका बोअरचे पाणी वाईट निघाले म्हणजे सगळ्या गावाचे वाईट असे नव्हे. शंभर पावलांवरच्या दुसऱ्या बोअरचा आकडा वेगळा निघतो, हे पुष्कळ गावांत आढळले आहे. म्हणून प्रत्येक बोअर वेगळी तपासावी.

सबंध घराला पुरेल एवढे पाणी बदलणे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची गरजही नाही. धुणे, भांडी, अंघोळ बोअरच्या पाण्याने खुशाल करा. कातडीतून फ्लोराईड अंगात जात नाही. एक गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई आणि एक-दोन लहान मुले यांच्या पिण्या-शिजवण्याला दिवसाला पंधरा-वीस लिटर, म्हणजे एक मोठी घागर किंवा फार तर दोन, पुरतात. ती वेगळी ठेवा, तिच्यावर झाकण ठेवा, आणि घरातल्या सर्वांना सांगा की ही घागर बाळाची आहे. बाहेरून आलेल्या गड्याने तिच्यातून तांब्या बुडवला तर रागावू नका, पण घागर मात्र उंचावर ठेवा. हे पाणी आणायला तिलाच अर्ध्या कोसावर पिटाळू नका, म्हणजे झाले. घरात सायकल आहे, मोटारसायकल आहे, पुरुषमाणसे आहेत.

ही घागर भरायची कशाने? जुनी उघडी विहीर असेल तर ती उपसून, कडा बांधून, टी.सी.एल. पावडर टाकून पुन्हा वापरात आणता येते. वरच्या थरातल्या पाण्यात बहुधा फ्लोराईड कमी असते, मात्र तेही तपासूनच घ्यावे. धरणावरची नळयोजना असेल तर उत्तम. पावसाचे पाणी तर सर्वांत चांगले, त्यात फ्लोराईड जवळजवळ नसतेच. पत्र्याचे छप्पर असेल तर पहिल्या दोन सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे आणि मग पन्हाळीने झाकणाच्या टाकीत घ्यावे. पिण्याच्या घागरीपुरती टाकी काही फार मोठी लागत नाही. जारच्या पाण्याबद्दल पुष्कळजण विचारतात. आर.ओ. यंत्र नीट चालत असेल तर फ्लोराईड बरेच काढते. पण नुसते थंड केलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. काही जारवाले बोअरचेच पाणी गार करून विकतात. त्या जारचाही नमुना एकदा पेटीत घालून पाहावा.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९७० नंतरच्या दशकात एक पद्धत बसवली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पाण्यात तुरटी आणि थोडा चुना ठरावीक मापाने घालून दहा मिनिटे ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी तोटीने काढून घ्यायचे. तळाशी बसलेला गाळ दूर पुरायचा. पद्धत चांगली आहे, पण तुरटी किती घालायची ते पाण्याची तपासणी करूनच ठरते. अंदाजाने मूठभर टाकून काम होत नाही, आणि तुरटीचा अंश पाण्यात राहणे तेही बरे नाही. ज्यांना मोजमाप सांभाळायचे आहे, त्यांनी जाणकाराकडून आपल्या पाण्याचे माप लिहून घ्यावे.

जेवणात दूध, दही, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला असावा. कॅल्शियम असेल तर फ्लोराईड अंगात कमी शोषले जाते. आवळा, लिंबू, पेरूही असू द्यावेत. चहात फ्लोराईड बरेच असते, म्हणून गरोदर बाईने कोरा, कडक चहा वारंवार घेऊ नये आणि लहान मुलांना चहा-पोळीची सवय लावू नये. तंबाखू, मिश्री, खर्रा यांबद्दल मी वेगळे काय सांगणार? ते गरोदरपणी विषच आहे. लहान मुलांना पेस्ट गिळू देऊ नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पाण्यातच फ्लोराईड जास्त असेल अशा गावात लहान मुलांसाठी बिनफ्लोराईडची घ्यावी.

ज्यांच्या दातांवर डाग पडून गेले आहेत त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. हे डाग घासून जात नाहीत. तंबाखूचा किंवा पानाचा डाग वरवर बसतो, खरवडला की निघतो. हा कवचाच्या आतला असतो, जोडीजोडीच्या दातांवर सारखा, आडवा दिसतो. विटकरीची पूड, राख, बाजारात बसून "दोन मिनिटांत दात पांढरे" करून देणाऱ्याचे ते झणझणीत पाणी, यांनी उरलेसुरले कवचही जाते. दातांच्या डॉक्टरकडे वरचा थर गुळगुळीत करून किंवा दाताच्या रंगाचा लेप बसवून डाग झाकता येतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईचे दात डागी आहेत म्हणून मुलाचे होत नाहीत. पाणी बदलले तर होत नाहीत. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना हे माहीत नसते. ते मुलीचे दात पाहून उठून जातात, आणि मुलगी तोंडावर पदर घेऊन हसायला शिकते. त्या पाहुण्यांना कोणीतरी हे सांगायला हवे.

पत्र पाठवणाऱ्या आमच्या बंधूंना शेवटी एवढेच सांगतो. पाचवा महिना म्हणजे बाळ यायला अजून चार महिने आहेत. या आठवड्यात आपल्या बोअरचा नमुना देऊन या. सूनबाईचे रक्त तपासायला आशाताईंना सांगा. आकडा दीडच्या वर आला तर तिच्या घागरीची सोय तपासलेल्या दुसऱ्या पाण्यातून आजपासूनच लावा. सहा-सात वर्षांच्या नातवाचे पुढचे दात आता बदलणार नाहीत, पण त्याच्या मागच्या काही दाढांचे कवच अजून पुरे व्हायचे आहे, तेव्हा त्यालाही त्याच घागरीतले पाणी द्या. गावात असे डागी दातांचे आणखी दहा-बारा मुलगे-मुली असतील, तर शाळेतल्या गुरुजींकडून त्यांची यादी करून घ्या आणि ती घेऊन तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून याच कामासाठी सुरू झालेला आहे. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो; पंधरा मुलांची नावे आणि सोबत पाण्याचा आकडा असला की गोष्ट वेगळी होते.